आठ पौंड हवा

पस्तीस इंची टायर मला का हवेत, याची कारणं मी पाठ करून ठेवली होती. नदीपात्रातले गोटे, टुंड्रातले गवताचे गड्डे, आणि कुणी फारच खोलात शिरलं तर सुरक्षितता. खरं कारण एकच होतं. अँकरेजच्या लेक हूडला खडीच्या धावपट्टीशेजारी माझ्या विमानाला लागून जे विमान उभं असतं, त्याचे टायर एकतीस इंची आहेत.

अलास्कातल्या छोट्या विमानांच्या जगात टायर म्हणजे मिशी. नवी ओळख झाली की समोरच्याची नजर चेहऱ्याकडे जातच नाही, थेट चाकाकडे जाते. साधे, जेमतेम बावीस इंच उंचीचे टायर दिसले की तो एकदम प्रेमळ होतो आणि ‘नवीन आलात का इकडे?’ म्हणून विचारतो. सव्वीस इंचीला मान हलते. एकोणतीसला हात पुढे येतो, एकतीसला कॉफी येते. पस्तीस इंचीवाला स्वतःहून कुणाशी बोलत नाही, लोकच त्याच्याकडे जातात. माझी उंची पाच फूट चार इंच, चष्मा जाड, पोट संगणकासमोर बसून कमावलेलं, आणि विमान वयाने माझ्याहून मोठं असलेलं पायपर सुपर कब. तेव्हा निसर्गाने जे दिलं नाही ते रबरात विकत घ्यावं, असं मी ठरवलं तर त्यात गैर काय?

अण्णांपुढे मात्र पाठ केलेली कारणं चालत नाहीत. अण्णा कराडला एसटीच्या डेपोत टायर विभागात होते. रात्री उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेतून लोखंडी कांब घेऊन फिरायचे, प्रत्येक टायरवर एक ठोका मारायचे आणि नुसत्या आवाजावरून हवा सांगायचे. मागच्या जोडचाकातला आतला टायर बसलेला असला तर तो डोळ्यांना दिसत नाही, अण्णांच्या कानांना दिसायचा. जगात टायर या विषयावर बोलायला याहून योग्य माणूस नाही, म्हणून फोन केला.

“हवा किती भरतात त्यात?”

“आठ पौंड.”

पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन कट झाला.

“ऐंशी म्हणतोयस ना?”

“नाही अण्णा, आठ.”

“मग आधी पंक्चर काढून घे. नवे टायर कशाला?”

मी त्यांना हिशेब सांगितला. सुपर कबचं भरल्या अंगाने वजन १७५० पौंड, म्हणजे सुमारे ८०० किलो. शेपटीच्या चाकाचा वाटा सोडून द्या. टायरात २५ पौंड हवा, म्हणजे दर चौरस इंचाला २५ पौंड दाब, असेल तर ते वजन तोलायला जमिनीवर साधारण ७० चौरस इंच रबर टेकावं लागतं, दोन्ही चाकांचं मिळून. हवा आठ पौंडांवर आणली की तेच २२० चौरस इंच होतं. एकेका चाकाखाली दहा इंच बाय अकरा इंचांचा ठसा. टायर ज्या दाबाने फुगलेला, जवळपास त्याच दाबाने तो जमिनीला रेटतो. आठ पौंड म्हणजे माती दचकतसुद्धा नाही.

“म्हणजे रुतायचं नाही,” अण्णा म्हणाले. एवढा हिशेब मला फळ्यावर मांडायला लागला असता. “आणि गोटा आला तर?”

गोटा आला तर टायर त्याला पोटात घेतो आणि पुढे जातो. याच कामासाठी हे टायर जन्माला आले. गुडइयरने १९३० च्या सुमारास ‘एअरव्हील’ नावाचे गुबगुबीत, कमी हवेचे टायर विमानांसाठी बाजारात आणले, आणि अलास्कातल्या लोकांनी ते उचलले, कारण त्यांच्या उतरायच्या जागांना धावपट्टी म्हणणं हा धावपट्टीचा अपमान होता. आजही या राज्यातल्या बहुतेक गावांना बाहेरून रस्ता जात नाही. आता जे खास अलास्का-छाप टायर मिळतात त्यांना आत ट्यूब नसते, आणि हवा भरायची नळी रिमला नसून टायरच्या कुशीतच बसवलेली असते. इतक्या कमी हवेत ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो. आत ट्यूब असती तर तिची रिममधून निघणारी नळी पहिल्याच दिवशी तुटली असती. अण्णांना ही नळीची जागा फार आवडली. “हे डोकं कुणाचं?” त्यांनी दोनदा विचारलं. टायरबद्दल नाही, डोक्याबद्दल.

इथे थोडं जुहूबद्दल सांगायला हवं. थोडं म्हणजे किती, ते हँगरमधल्या मंडळींना विचारा. मी ‘जुहू’ म्हटलं की दोघे तरी खडीवर फेरी मारायला निघून जातात. पण टायरचा विषय निघाल्यावर एखादा मराठी माणूस जुहू सोडेल कसा? १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ विमानात टपालाची थैली घेऊन निघाले. मध्ये अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. माझ्या डोळ्यांसमोर हे दृश्य नेहमी उभं राहतं: एकीकडे देशातलं सगळ्यात नवं वाहन, दुसरीकडे सगळ्यात जुनं, आणि जुनं नव्याला पाजतंय. तिथून ते जुहूला आले. पुढे नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं.

आता मुद्दा. त्या वेळी जुहूला धावपट्टी म्हणजे समुद्राकाठचं चिखलाचं मैदान. कोरड्या दिवसांत ठीक. पावसाळा लागला की मैदान पाण्याखाली. मग टाटांची अख्खी विमानसेवा, म्हणजे दोन विमानं, मोजके वैमानिक आणि मोजके मेकॅनिक, गाशा गुंडाळून पुण्याला येरवड्याच्या मैदानावर जायची. साधुसंत चातुर्मासात एका जागी बसतात, ही सेवा चातुर्मासातच बिऱ्हाड हलवायची. आणि हेच जे. आर. डी. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लेपर्ड मॉथ घेऊन कराचीहून पुन्हा जुहूला उतरले. अठ्ठ्याहत्तर! मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या विमानात चढताना स्टूल लागतं.

एवढं ऐकवल्यावर आमचा म्हातारा मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवतो आणि व्हॅल्डीझच्या बॉब रीव्हला मैदानात उतरवतो. हा त्याचा हुकमी एक्का. रीव्ह १९३० च्या दशकात हिमनद्यांवरच्या सोन्याच्या खाणींना सामान पोहोचवायचा. वर बर्फ, म्हणून विमानाला स्की हव्यात. पण उन्हाळ्यात खाली गावात बर्फ कुठला? तर हा गडी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावरून, स्कीवर, उड्डाण करायचा. स्कीच्या तळाला त्याने एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यातला स्टीलचा पत्रा मारला होता, असं सांगतात. १९३७ साली ब्रॅडफर्ड वॉशबर्नला गिर्यारोहणासाठी त्याने वॉल्श हिमनदीवर नेऊन सोडलं, तर बर्फाचा रबरबाट होऊन विमान तिथेच रुतलं. कसाबसा तो एकटा बाहेर पडला. वॉशबर्न आणि त्याचा जोडीदार शिखर सर करून पायी परतले. “तुझ्या जुहूच्या चिखलाला भरती-ओहोटी होती का?” म्हातारा विचारतो. समुद्राकाठीच होता, मी म्हणतो. मग आम्ही दोघे थोडा वेळ गप्प बसतो, आपापल्या चिखलाचा अभिमान बाळगत.

असो. टायर.

मोठ्या टायरच्या तोट्यांबद्दल कुणी कॉफीवर बोलत नाही. हे टायर हवेत आडवे येतात, त्यामुळे विमानाचा मुळातच बेताचा वेग आणखी उतरतो. ब्रेक तोच आणि चाक मोठं, म्हणजे तीच ताकद लांब दांड्यावर. विमान थांबायला कुरकुरतं. म्हणून मग जास्त जोराचे ब्रेक बसवायचे, आणि ते मऊ वाळूत जास्त जोराने दाबले की विमान नाकावर. रबर मऊ असतं, डांबरावर बघता बघता झिजतं. म्हणून मोठ्या टायरवाले झकास डांबरी धावपट्टी सोडून शेजारच्या खडीवर किंवा गवतावर उतरतात. पुढून विमान उंच होतं, नाक आभाळाकडे, जमिनीवर चालवताना समोरचं काही दिसत नाही आणि नागमोडी जावं लागतं. आणि दार. सुपर कबचं दार उजवीकडे, एक पाख वर उघडतं, एक खाली. त्यातून आत शिरणं हे बावीस इंचांवरही माझ्यासाठी योगासन होतं. पस्तीस इंचांवर चढताना मला कुणी पाहू नये, आणि चढून बसल्यावर सगळ्यांनी पाहावं, अशी माझी एकूण अपेक्षा.

दर मे महिन्यात व्हॅल्डीझला कमीत कमी जागेत उतरण्याच्या स्पर्धा होतात. पांढऱ्या रेघेवर विमान टेकवायचं आणि थांबवायचं. वीस-पंचवीस फुटांत थांबलेली विमानं मी पाहिली आहेत. लोक विमानाकडे बघतात, मी टायरांकडे. तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती मुद्दाम विसरलो: जिंकणाऱ्यांचे टायर वेगवेगळ्या मापांचे होते, वैमानिक मात्र सगळे मन लावून सराव केलेले.

आता जरा रागाचं. कमी हवेच्या टायरला पाण्यावरून घसरत जाता येतं. नासाच्या लँग्ली केंद्रात १९६० च्या दशकात त्याचं सूत्र मांडलं गेलं: हवेच्या पौंडांचं वर्गमूळ काढा, नवाने गुणा, तेवढ्या नॉट वेगाला टायर पाण्यावर तरंगतो. आठ पौंडांना साधारण २५ नॉट. सुपर कब उतरतानाच त्याहून वेगात असतं, म्हणून नदीच्या पाण्यावर चाकं टेकवून सर्रकन गोट्यांच्या पट्ट्यावर येता येतं. अण्णांनी लगेच त्यांच्या शंभर पौंडांचा हिशेब केला, ९० नॉट, आणि लाल डबा कधीच तरंगणार नाही म्हणून खूश झाले. बसच्या टायरला हे सूत्र जसंच्या तसं लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण ही करामत गरजेपोटी करणारे जुने लोक वेगळे आणि पंखाला कॅमेरा बांधून करणारे वेगळे. प्रत्येक वसंतात बर्फ फुटून वाहतं आणि नदी आपले गोटे नव्याने मांडते. मागच्या शरदात जिथे सुखरूप उतरलात तो पट्टा आता तो राहिलेला नसतो. जाणकार माणूस आधी वरून फेऱ्या मारतो, मग चाकं नुसती टेकवून, वजन पंखांवरच ठेवून, पट्टा घासून बघतो, उठतो, वळून आपल्याच चाकोरीकडे पाहतो; चाकोरीत पाणी भरलेलं दिसलं तर घरी जातो. कॅमेरेवाला म्हणतो, एकतीस इंची आहेत, चालतंय. मग एखादं पिवळं विमान पट्ट्यावर पालथं पडतं, आणि त्याला काढायला दुसऱ्या कुणाला तरी त्याच पट्ट्यावर उतरावं लागतं. मला याचा मनापासून संताप येतो. त्यातला काही स्वतःवरचाही असतो, कारण ती चित्रफीत मी शेवटपर्यंत पाहतो.

अण्णा गेल्या उन्हाळ्यात आले. विमानाभोवती एक फेरी मारली, शेजारच्या एकतीस इंचीसमोर उकिडवे बसले आणि काठीने टायरवर ठोका मारला. मग कान देऊन पुन्हा मारला. “आवाजच नाही याला,” म्हणाले. मग हाताचा तळवा लावून रबर दाबत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाणारी रातराणी सुटली की घरी येऊन झोप लागायची नाही; पहाटे परतीची गाडी डेपोत वळल्याचा आवाज आला की मग. मी इतकी वर्षं समजत होतो की अण्णांना लवकर जाग येते.

“तू कुठं कुठं उतरतोस?” त्यांनी विचारलं.

खडीच्या धावपट्टीवर. एका मित्राच्या केबिनपाशी, गवतात. टॉकीटनाला. आणि कधीतरी निक नदीच्या पट्ट्यावर, तोही रुंद, सगळे उतरतात तो.

“मग एवढे मोठे कुणासाठी?”

मी शेजाऱ्याच्या विमानाकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. उत्तर त्यांना मिळालं असावं, कारण पुढे ते काही बोलले नाहीत.

एकोणतीस इंची घेतले. जोडीच्या किमतीत इकडे बरी जुनी मोटार आली असती. म्हाताऱ्या मेकॅनिकने विमानातल्या बदलाचा सरकारी फॉर्म ३३७ भरला, पुढे ज्याची लागते त्याची सही आणली, आणि “कमी नाहीत” एवढंच म्हणाला. अण्णांनी फोनवर हवा विचारली. मी दहा सांगितली, आठ सांगायचा धीर झाला नाही.

जुने ८.५०-६ मापाचे दोन टायर विकायचे आहेत. झीज थोडी, हवा २५ पौंड, ठोका मारला तर खणखणीत आवाज येतो. रिम सहा इंची असल्याने बैलगाडीला बसत नाहीत. तशी खात्री अण्णांकडून करून घेतली आहे. हवे असल्यास कळवावे, टपालखर्च घेणाऱ्याचा.