बिनाकाका

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा लिलाव ऐन रंगात आलेला असतो. पिकअपच्या रांगा लागलेल्या, व्यापारी या गाडीवरून त्या गाडीकडे सरकत असलेले, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी क्रेटवर हात टेकून एक म्हातारा घसा खाकरतो. ‘‘बहनों और भाइयों!’’ आसपास बहन एकही नसते. ‘‘गेल्या बुधवारी तिसऱ्या पायदानावर असलेला टोमॅटो या आठवड्यात चार पायऱ्या घसरून पोहोचलाय सातव्या पायदानावर. आणि त्याच्या जागी आलाय...’’ इथं तो थांबतो. अमीन सायानी थांबायचे अगदी तेवढाच. ‘‘...उन्हाळ कांदा!’’ ज्याचा टोमॅटो घसरलेला असतो तो शेतकरी त्यावर काय बोलतो, ते छापण्यासारखं नाही.

या गृहस्थांचं खरं नाव सातबाऱ्यावर आहे आणि तलाठी सोडला तर ते कुणाला आठवत नाही. गाव त्यांना बिनाकाका म्हणतं. तुमच्याही गावात एक बिनाकाका असणारच. तो टपरीच्या बाकड्यावर बसलेला दिसला की तुम्ही चहाची तल्लफ मारून पुढं निघता, आणि तरीही तो हाक मारून विचारतो, ‘‘१९५७. पहिला नंबर. सांगा!’’ तुम्ही ‘प्यासा’ म्हणता, नाहीतर ‘नया दौर’. तो खूश होतो, कारण तुम्ही चुकलात. त्या वर्षी ‘बिनाका गीतमाला’च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते ‘जनम जनम के फेरे’ मधलं, एस. एन. त्रिपाठींचं गाणं. बर्मनदादा आणि नय्यर यांना त्रिपाठींनी मागं टाकलं, हे सांगताना काकांना इतका आनंद होतो की त्रिपाठी त्यांचे मावसभाऊ असावेत.

गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी. रात्री आठला, रेडिओ सिलोनवरून. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं तिचे निवेदक अमीन सायानी पुढं अनेकदा सांगत. काका तेव्हा तीन वर्षांचे होते, पण त्यांच्या तोंडून ऐकताना त्या नऊ हजारांतलं एक पोस्टकार्ड पिंपळगावचं होतं असा आपला समज होतो, आणि तो दुरुस्त करायच्या भानगडीत ते पडत नाहीत. सुरुवातीला नुसतीच सात गाणी लागायची आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा. दोन वर्षांनी, १९५४च्या अखेरीस, खरी उतरंड आली. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं यांवरून गाण्यांना पायदानं मिळू लागली. गाण्यांचं भलं झालं. पिंपळगावचं व्हायचं ते झालं.

कारण त्यानंतर या माणसाला जगात नुसती अशी कुठलीच गोष्ट दिसेनाशी झाली. प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या पायदानावर उभी असते. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला थांबवून सांगतात, की मठ्ठा दोन पायऱ्या वर चढलाय, वांग्याची भाजी जागच्या जागी आहे आणि जिलबीनं या वर्षी निराशा केली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काय दुखतंय?’’ तर काका म्हणाले, ‘‘खालून सुरुवात करू?’’ आणि सातव्या पायदानावरच्या टाचदुखीपासून चढत चढत पहिल्या पायदानावरच्या गुडघ्यापर्यंत यायला त्यांनी पंधरा मिनिटं घेतली. बाहेर रांग होती. कुणाच्या मातीला गेले तरी परतीच्या वाटेवर त्यांचे ओठ हलत असतात. ते रामनाम नसतं.

यात सर्वांत जहरी प्रकार ‘सरताज’चा. एखादं गाणं यादीत ठरावीक आठवडे टिकलं (आधी १८, पुढं २५) की त्याला ‘सरताज गीत’ हा मान मिळायचा आणि ते स्पर्धेतून बाहेर व्हायचं. इतरांना जागा हवी म्हणून सन्मानानं घालवायची ही रीत काकांना फार आवडते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ते उठून उभे राहिले आणि वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटलेल्या चेअरमनसाहेबांचा गौरव करायला लागले. चेअरमन हसतमुखानं ऐकत होते. शेवटी काकांनी तोंडानं बिगुल वाजवला आणि जाहीर केलं, ‘‘यांना आता आपण सरताज करू या!’’ टाळ्या पडल्या. अर्थ कळायला चेअरमनना दोन दिवस लागले. ते पुढच्या निवडणुकीलाही उभे राहिले आणि निवडूनही आले. सायानींचा नियम सहकाराला लागू नाही.

एखाद्या लग्नाच्या वरातीत बँडवाले ‘अलबेला’तलं गाणं धरतात, पोरं नाचायला लागतात, आणि काका ट्रंपेटवाल्याचा हात धरतात. ‘‘हे मूळ कुणी वाजवलं माहीत आहे? चिक चॉकलेट! नाव अंतोनियो झेवियर वाझ, माणूस गोव्याचा. पिक्चरमध्ये स्वतः दिसतो, बँडसकट.’’ नवरदेवाचा घोडा अडकून पडतो. काकांची खरी व्यथा पुढं असते. ‘अलबेला’ १९५१चा, म्हणजे गीतमालेच्या आदल्या वर्षीचा. त्याला पायदानच नाही! ही जखम ते एकाच गोष्टीवर बरी करतात. १९५३ सालचं अव्वल गाणं ‘अनारकली’तलं, आणि त्याचे संगीतकारही तेच, सी. रामचंद्र. ते पुणतांब्याचे. आमच्या निफाड तालुक्यातली कादवा नांदूर मधमेश्वरला गोदावरीला मिळते, ती गोदावरी पुढं पुणतांब्याला जाते. सबब गीतमालेच्या पहिल्या अव्वल गाण्यात पाणी आमचं आहे.

काकांच्या जगात खलनायक दोन. पहिले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ ते ६२ दिल्लीत नभोवाणी खात्याचे मंत्री. यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली. माणूस मराठी निघाला, याची काकांना अजून लाज वाटते. केसकरांनी शास्त्रीय संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला बळ दिलं, भल्याभल्या गवयांना घराघरांत नेलं, हे त्यांना सांगून उपयोग नाही. ‘‘दिलं असेल. पण मुंबईचा माणूस मुंबईत बोलणार, त्याची टेप कोलंबोला जाणार, आणि तिथून तो आवाज पिंपळगावात येणार! ही काय पद्धत झाली?’’ शहाणपण दिल्लीला उशिरा सुचलं. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तोवर देशानं काटा पंचवीस आणि एकेचाळीस मीटरवर नेऊन ठेवला होता.

दुसरा खलनायक म्हणजे झुमरीतलैया. आजच्या झारखंडातलं हे अभ्रकाच्या खाणींचं गाव. तिथल्या हौशी मंडळींनी फर्माइशींची पत्रं पाठवून पाठवून गावाचं नाव देशभर केलं. ‘‘त्यांच्याकडं अभ्रक, आमच्याकडं कांदा. कुणाचं गाव मोठं?’’ काकांनी झुमरीतलैयाशी एकट्यानं लढाई केली. त्यांनी श्रोता संघ काढला. सात सदस्यांच्या नावानं पोस्टकार्डं जायची. त्यांतले दोन सदस्य गोठ्यात बांधलेले होते. एकदा खरोखरच नाव पुकारलं गेलं, पण ‘पिंपलगाँव बसंत’ असं. बसवंताचा वसंत झाला तरी काकांनी पेढे वाटले. सर्जा-राजाला वेगळे.

त्यांच्या तोडीचा माणूस गावात एकच, सैगलमास्तर. निवृत्त प्राथमिक शिक्षक. रेडिओ सिलोनवर सकाळी साडेसातला जुनी गाणी लागत आणि आठ वाजायच्या आत शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं असे. मास्तरांच्या वर्गातली पोरं हजेरीला उशीर झाला की ‘सैगल लांबला’ म्हणत. मास्तरांच्या मते संगीत १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला संपलं, म्हणजे सैगल गेले त्या दिवशी. उरला तो गोंगाट, आणि गोंगाटाला क्रमांक देणारा इसम म्हणजे बिनाकाका. दोघं पन्नास वर्षं एकाच बाकड्यावर बसून भांडत आहेत.

‘‘तुमचा सैगल एकाही पायदानावर नाही,’’ काका म्हणतात.

‘‘जो माळ्यावरच राहतो त्याला शिडी कशाला?’’ मास्तर म्हणतात.

हरायला लागले की मास्तर कुसुमाग्रजांना काढतात. तात्यासाहेब शिरवाडकरांचं बालपण पिंपळगावात गेलं, हा गावाचा हुकमी एक्का. त्यातून मास्तरांचा खास तपशील असा, की कवी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते, त्यांनी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. सिनेमा चालला नाही, हे मास्तर हळू आवाजात सांगतात. काका ज्ञानपीठविजेत्याबद्दल आदर म्हणून टोपी काढतात आणि विचारतात, ‘‘गाणी कितव्या पायदानावर होती?’’

इतका वैताग देणाऱ्या माणसाविषयी बरं लिहिणं जिवावर येतं. पण त्या वह्या आहेत.

शंभरपानी वह्या, खताच्या गोणीत बांधलेल्या, १९६४ पासूनच्या. पान बुधवारचं. पायदान, गाणं, चित्रपट, गायक, संगीतकार, गेल्या आठवड्याची जागा. आणि शेवटी काकांनी आखलेला एक अरुंद रकाना: ‘शेरा’. त्यात गाण्यांविषयी अक्षर नाही. ‘विहिरीला पाणी लागलं.’ ‘धाकटीला गोवर.’ ‘बागेत शेकोट्या केल्या, रात्रभर जागा.’ निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागेत धूर करून बसावं लागतं. अशा रात्री सोबतीला ट्रान्झिस्टर असे. लाटेसारखा आवाज जवळ येई, लांब जाई, आणि नेमकं पहिल्या पायदानाच्या वेळी खरखर सुरू होई. ‘भाव पडला’ हा शेरा इतक्या वेळा आहे की पुढं पुढं त्यांनी नुसतं ‘भा. प.’ लिहिलंय. १९७५ची वार्षिक यादी बघावी. पहिलं आलं ते ‘रोटी कपडा और मकान’ मधलं महागाईचं गाणं. शेजारी शेरा: ‘भा. प.’

गावात कुणाचा जन्म नेमका कधी, कुठली विहीर कुठल्या साली खोदली, वाटण्या गारपिटीच्या आधी झाल्या की नंतर, असा वाद पडला की माणसं गुपचूप या गोणीपाशी येतात. टपरीवर काकांना टाळणारेच येतात. काका तारीख काढून देतात. त्या आठवड्याची सगळी उतरंड ऐकून घ्यावी लागते, तेवढी फी.

आणि १९७२च्या वहीत अक्षर बदलतं. दुष्काळाचं वर्ष. गावोगावची माणसं खडी फोडायला जात होती, बागायतदारही. काका कामावरून रात्री उशिरा परतत आणि आठची वेळ चुके. म्हणून ‘दम मारो दम’च्या त्या वर्षातल्या कित्येक बुधवारांच्या याद्या वळणदार, शाळामास्तरी बाळबोध अक्षरात आहेत. गीतमालेला गोंगाट म्हणणारा माणूस दर बुधवारी कान लावून बसला होता, आणि त्यानं एक पायदान गाळलेलं नाही. फक्त एका गाण्यापुढं, शेऱ्याच्या रकान्यात, त्यानं लिहिलंय: ‘याला गाणं म्हणायचं?’

गीतमाला १९८९ साली विविध भारतीवर आली, १९९४ साली थांबली. मधे बिनाकाचं सिबाकाही झालं होतं, पण सिबाकाका म्हणायला गावाची जीभ वळली नाही. काकांची वही थांबली नाही. तिच्यात गाण्यांऐवजी टोमॅटो, कांदा, द्राक्षं आणि मिरची यांची पायदानं येऊ लागली.

अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. बातमी पसरली दुसऱ्या दिवशी, बुधवारी. कांद्याची निर्यात ८ डिसेंबरपासून बंद होती आणि त्या आठवड्यात बंदी उठली, नाही उठली, यावरून बाजारात गोंधळ होता. काका आले, एका ट्रॅक्टरला टेकून उभे राहिले. कुणीतरी मुद्दाम छेडलं, ‘‘काका, आज कांदा कितवा?’’

‘‘केसकरांनी गाणी बंद केली तर ती सिलोनला जाऊन परत आली,’’ काका म्हणाले. ‘‘कांदा बंद केला की तो चाळीतच सडतो.’’ हे त्यांचं आजवरचं एकमेव राजकीय भाषण. मग मास्तरांनी वही मागितली, तारीख टाकली आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हातानं एकच शब्द लिहिला: ‘सरताज.’ काकांनी तो वाचला आणि शुद्धलेखन तपासल्यासारखी मान हलवली. पुढच्या बुधवारी ते क्रेटवर हात टेकून पुन्हा हजर होते. निर्यात ४ मे रोजी खुली झाली. तोवर कांद्यानं एकही पायरी चढलेली नव्हती, असं वही म्हणते.

आता एक विनंती. १९६५ सालची वही घुशींनी खाल्ली आहे. वार्षिक यादीत ‘सहेली’चं गाणं पहिलं होतं एवढं काकांना पाठ आहे, पण आठवड्यांच्या याद्या गेल्या. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर त्या वर्षीच्या बुधवारांची नोंद असेल तर ती पिंपळगावला पोचवावी. बाजार समितीच्या दारात कुणालाही विचारलं तरी बिनाकाकांचं घर दाखवतील. नोंद द्यावी, चहा घ्यावा, आणि ‘प्यासा’चं नाव न काढता निघावं.