पाऊण तासाचा पाट

हा माणूस तुमच्याही ओळखीत आहे. नाव वेगळं असेल. आमच्याकडे त्याला नितीन म्हणतात. ठाण्यात मे महिन्यात पंखासुद्धा गरम हवा ओकत असताना जो दारातून आत येतो, घाम पुसतो आणि "काल रात्री थोडक्यात वाचलो रे, उणे तीस होतं, वर वारा," असं सांगतो, तो. त्याला पाणी द्यावं. "कुठे?" असं मात्र विचारू नये. मी एकदा विचारलं होतं.

तर 'द लाँग डार्क' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये. कॅनडातल्या हिंटरलँड कंपनीने तो २०१४ साली अर्धामुर्धा आणि २०१७ साली पुरता बाजारात आणला. उत्तर कॅनडातलं ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट. वीज गेलेली, माणसं नाहीशी झालेली, लांडगे मात्र शाबूत. धडाधड गोळ्या झाडायचा हा खेळ नव्हे. शत्रू म्हणजे थंडी. नितीन खेळतो त्या प्रकारात एकदा मेलात की सगळं पुसलं जातं, पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्यामुळे खेळणारा रात्र रात्र जागून मुख्यतः एकच काम करतो : सरपण गोळा करतो. बर्फात काटकी दिसली की वाकतो, उचलतो, चार पावलांवर पुन्हा वाकतो. आमच्या आजीने हेच काम जन्मभर केलं, तिला कुणी गेमर म्हटलं नाही.

यात हिशेब असतो आणि तो नितीनला पाढ्यांसारखा पाठ आहे. काटकी सात-आठ मिनिटं. सीडरचं लाकूड एक तास, फरचं दीड. कोळसाही तासभरच, पण ऊब एकदम वीस अंशांनी वाढवतो. मात्र शेकोटी आधी चांगली तापलेली हवी, त्याशिवाय तो घालता येत नाही. काड्या मोजक्याच मिळतात, म्हणून ऊन असेल तर भिंगाने पेटवायचं. निघताना शेकोटीतून मशाल ओढून घ्यायची, ती विझायच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा आणि तिच्यावरच नवी शेकोटी पेटवायची. एक काडी वाचते. ही एक वाचलेली काडी मी निदान वीसदा ऐकली आहे.

इथवर ठीक. पण त्या गेममध्ये कुऱ्हाडीने घरातलं फर्निचर फोडूनही जाळता येतं, आणि तिथून या गृहस्थाची दृष्टी बिघडली ती कायमची. आम्ही नवा सोफा घेतला. लोक विचारतात केवढ्याला पडला. याने बोटाच्या पेराने दांड्यावर टकटक केलं आणि म्हणाला, "लाकूड खरं असेल तर तीन तास." चपलांचं कपाट : "प्लायवुड. वीस मिनिटं, आणि धूर फार." एका लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत, आणि माझ्या कानाशी कुजबुज : "मांडवाचे बांबू धरले तर अख्खी रात्र निघते." आईने त्याला जेवायला बसायला पाट दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "पाऊण तास," मला हळूच म्हणाला. जेवण झाल्यावर देवघरासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला. देव्हारा शिसवी आहे. मागे आई आलेली पाहून याने झटकन हात जोडले.

"नमस्कार करत होतो काकू."

"ते दिसलं. किती तास म्हणालास?"

माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोरही तो असाच उभा राहतो. गेममध्ये पुस्तकं जळण म्हणूनच येतात. काही शहाणी पुस्तकं आधी तासन् तास वाचून कौशल्य मिळवायचं असतं. वाचून झालं की तीही शेकोटीत. "एकेक पुस्तक अर्धा तास पण टिकत नाही," तो खेदाने म्हणाला. मग माझी दोन पुस्तकं दिसली. "ही शेवटी ठेवू." माझ्या लेखनाबद्दल त्याने काढलेले एवढेच उद्गार.

याला साहित्याकडे वळवावं म्हणून मी जॅक लंडनची १९०८ सालची 'टु बिल्ड अ फायर' वाचायला दिली. युकॉनच्या जीवघेण्या थंडीत एकटा निघालेला माणूस झाडाखाली शेकोटी पेटवतो, वरच्या फांद्यांवरचा बर्फ कोसळून ती विझते, बोटं बधिर होतात, शेवटी तो सत्तर काड्यांचा जुडगा एकदम पेटवतो, आणि तरीही मरतो. वाचणारा सुन्न होतो. नितीनही झाला. "सत्तर!" तो म्हणाला. "एकदम सत्तर काड्या!" माणूस गेल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

आता कुणाला वाटेल, हा माणूस घरी तरी काटकसरी असेल. वहिनींना विचारा. "भावजी, तिकडे बर्फ वितळवून, पाणी उकळून पितात, इकडे मी गॅसवर दूध ठेवलंय म्हणून सांगून गेले, तर सगळं उतू." गीझर सकाळपासून चालू. एसी अठरावर, कारण म्हणे वातावरणनिर्मिती. गेममधल्या माणसाला फार वेळ घरात बसून राहिलं की आजार जडतो. खेळणाऱ्याला जडत नाही.

हरिश्चंद्रगडाला गेलो तेव्हा पाचनईत एका अंगणात चूल पेटवायची हौस त्याने मागून घेतली. लाकूड दमट, वारा उलटा. निम्मी काडेपेटी संपली. गेममध्ये पेटवण्याआधी यश किती टक्के ते समोर लिहून येतं. हा धुराने डोळे चोळत मला म्हणतो, "टक्के दिसत नाहीयेत रे, कसं कळणार?" घरातल्या मावशींनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, गोवरीचा तुकडा सरकवला, एक फुंकर मारली. जाळ. त्याने विचारलं, तुमची लेव्हल काय? त्या म्हणाल्या, चहात साखर किती?

बाबा गेले ते जुलैत, गावी, संगमेश्वरजवळ. पाऊस थांबायला तयार नव्हता. निरोप मिळाल्याबरोबर नितीन रात्रीच निघाला आणि पहाटे अंगणात हजर. काढून ठेवलेली लाकडं बरीचशी भिजली होती. तो घरोघर पडव्यांतून कोरडी लाकडं मागत फिरला आणि ताडपत्रीखाली झाकून स्मशानापर्यंत खेपा घालू लागला. आंब्याची, ऐनाची, जाड जाड. मी मुद्दाम त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आता हा काहीतरी आकडा बोलेल आणि मी सगळ्यांदेखत याच्या थोबाडीत देईन, असं ठरवूनच उभा होतो. नाही बोलला. ओझं उतरवलं, पुढच्या खेपेला गेला. मी अजून त्याचे आभार मानलेले नाहीत. मानले तर "ऐन म्हणजे किमान दोन तास" म्हणेल, अशी भीती वाटते.

मध्यंतरी त्याचा गेममधला माणूस मेला. बरेच महिने जगवलेला. बर्फाच्या वादळात उघड्यावर सापडला, वाऱ्याने शेकोटी विझली, संपला. नितीन सकाळी आमच्याकडे येऊन सुतकी चेहऱ्याने बसला.

"पाठीवर कोळसा किती होता?" मी विचारलं.

"बारा किलो."

"बारा? मग वापरला का नाहीस?"

"म्हटलं, याहून जास्त थंडी पडली तर लागेल."

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे नुसती मान वळवली. पुन्हा पहिला दिवस, पुन्हा बर्फ, पुन्हा हा वाकून काटक्या उचलतोय. मी मागे खुर्ची ओढून बसलो. बराच वेळ गप्प होतो, पण माणसाच्या सहनशक्तीला काही मर्यादा असते.

"अरे, ती डावीकडची राहिली," मी म्हटलं.