किती उतरलं?

खुलताबादचा भद्रा मारुती झोपलेला आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला कायम सोयीची वाटत आली. इतर गावांतला मारुती उभा असतो. कुठं गदा खांद्यावर घेऊन, कुठं द्रोणागिरी तळहातावर धरून, कुठं नुसताच तालमीच्या कोनाड्यात शेंदूर माखून. पण उभा, आणि समोर येईल त्याच्या पोटाकडे रोखून बघणारा. खुलताबादचा आडवा पडलाय. असा निद्रिस्त मारुती मोजक्याच ठिकाणी. एक प्रयागराजला संगमाजवळ, एक मध्य प्रदेशात जामसावळीला, आणि एक हा, संभाजीनगरकरांच्या हाकेच्या अंतरावर. व्यायामाचं दैवतच जिथं पहुडलंय, तिथल्या भक्तानं पहाटे उठून धावत सुटणं हा देवाचा उपमर्द नाही काय, असा युक्तिवाद लेखकानं घरात अनेक वर्षं चालवला. तो खपलाही.

अडचण एवढीच, की या झोपलेल्या देवाला भेटायला निम्मं शहर चालत जातं. श्रावणात शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की नगर नाक्यापाशी माणसं जमू लागतात. छावणी, पडेगाव, मिटमिटा, मग दौलताबादचा किल्ला, घाट, कागजीपुरा आणि पहाटे खुलताबाद. सुमारे २५ किलोमीटर. गर्दी इतकी, की पोलिसांना वाहनं दुसऱ्या रस्त्यानं वळवावी लागतात. वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट संपवून तसेच निघालेले कामगार असतात, कॉलेजची पोरं असतात, चपला हातात घेतलेल्या आज्या असतात. रस्त्याच्या कडेला मंडळांचे मांडव. तिथं चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी आग्रहानं वाढतात. या खिचडीतल्या शेंगदाण्यांचा हिशेब कुणी कॅलरीत केला, तर चालून जळालं त्याहून जास्त आत गेलेलं निघेल. पण तो हिशेब तिथं कुणीच करत नाही.

लेखक मात्र हिशेबी माणूस. त्याच्या मनगटावर मुलानं दिलेलं घड्याळ आहे. ते पावलं मोजतं आणि दहा हजार भरली की थरथरतं. इमरती खाताना हात पुन्हापुन्हा ताटलीकडे गेला तरी त्यातली काही पावलं म्हणून धरतं, हा त्याचा मनमिळाऊ स्वभाव. हे दहा हजार कुणा ऋषींनी सांगितलेले नाहीत. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच हा गोल आकडा घालून टाकला. पुढं २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी बहात्तरीच्या बायकांची पावलं मोजली, तेव्हा दिवसाला ४,४०० पावलांपासूनच आयुष्याला फायदा दिसू लागला आणि साडेसात हजारांच्या आसपास तो थबकला. म्हणजे उरलेली अडीच हजार पावलं लेखक केवळ कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी चालत होता.

चालायची त्याची जागा विद्यापीठाचा परिसर. झाडं आहेत, मागं गोगाबाबाची टेकडी आहे, आणि मुख्य म्हणजे ओळखीची माणसं आहेत. समोरून ओळखीचा चेहरा आला की लेखक पोट आत ओढतो आणि तो पाठीमागं गेला की सोडतो. सकाळच्या वेळी तिथं इतके ओळखीचे भेटतात, की चालणं बाजूला राहून प्राणायामच जास्त घडतो. आणि जो भेटेल तो एकच विचारतो: ‘मग, किती उतरलं?’

झोप लागते का, दम कमी लागतो का, डोक्यातली किरकिर थांबली का, असलं कुणी विचारत नाही. फक्त किती उतरलं. लेखक पाव किलोही उतरला नव्हता. त्याच सुमारास त्यानं वाचलं, की टांझानियातल्या हाद्झा लोकांचा ऊर्जेचा खर्च शास्त्रज्ञांनी मोजला. ही माणसं शिकार आणि कंदमुळांसाठी दिवसभर रान तुडवतात. २०१२ मध्ये हर्मन पॉन्ट्झर यांच्या गटानं दाखवून दिलं, की देहाचा आकार लक्षात घेतला तर ती दिवसाकाठी शहरातल्या बैठ्या माणसाइतकीच ऊर्जा खर्चतात. शरीर बनिया आहे; इकडे खर्च वाढला की तिकडे कुठंतरी काटकसर करतं. वजन प्रामुख्यानं स्वयंपाकघरात ठरतं, रस्त्यावर नाही. हे कळताच लेखकानं बूट खोक्यात घातले आणि शास्त्राला मनोमन नमस्कार केला.

बूट बाहेर आले ते लंडनच्या बसमुळे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं १९५३ मध्ये लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. दुमजली बस; ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. यावर कुणीही म्हणेल, ड्रायव्हर जाडे असतील. मॉरिस आणि मंडळींनाही ती शंका आली, म्हणून त्यांनी सरकारी गणवेशाच्या पँटींची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या निघाल्या. पण माप तेच धरलं, तरी कंडक्टरचं हृदय ड्रायव्हरपेक्षा धड होतं. थोडक्यात, पोट सुटलेल्या कंडक्टरलाही जिना उपयोगी पडतच होता. आयुष्यभर पोट आत ओढत आलेल्या माणसाला इतकं उमदं संशोधन दुसरं नाही. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षं जगले. एसटीला वरचा मजला नाही, ही महाराष्ट्राच्या आरोग्याची मोठी हानी होय.

आता चालण्याचा विषय निघाला आहे आणि वाटेत दौलताबाद आहे, तेव्हा महंमद तुघलकाला टाळून पुढं जाणं लेखकाला शक्य नाही. घरचे म्हणतात, तो लग्नाच्या पंगतीतही तुघलकावर येतो. येतो, कारण जगात एवढा कडक ट्रेनर झालेला नाही. १३२७ च्या सुमारास या सुलतानानं ठरवलं, की राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे या दौलताबादला न्यायची, आणि सोबत दिल्लीची बडी बडी माणसंही. ना डाएट चार्ट, ना पहिला महिना मोफत. प्रवासी इब्न बतूता लिहितो, वाट चाळीस दिवसांची होती. दुतर्फा झाडं अशी, की बागेतून चालल्यासारखं वाटावं. म्हणजे ट्रॅकसुद्धा उत्तम. खरोखर अख्खी दिल्ली ओस पडली की फक्त अमीर-उमराव, सूफी आणि कारभारी मंडळी हलली, यावर इतिहासकारांचा वाद आहे, पण जी चालली ती काही हौसेनं चालली नव्हती. काही वर्षांनी सुलतानाचं मन बदललं आणि राजधानी परत दिल्लीला. आलेल्या पावली परतीची मुभा. या बतूतानंच दौलताबादच्या किल्ल्यातल्या कैद्यांच्या खड्ड्यातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असल्याचं लिहून ठेवलंय. मांजरं त्यांना भिऊन पळत. त्या उंदरांना बहुधा चालावं लागत नसावं.

या पायपिटीतून संभाजीनगरला काय मिळालं? नान खलिया. तुघलकाच्या लष्कराला एकदम मोठ्या प्रमाणात शिजवून घालता यावं म्हणून हा पदार्थ जन्मला, असं जुन्या शहरात सांगतात. भट्टीतला हळदीनं पिवळा झालेला नान, आणि देगेत रात्रभर मुरलेला, वर लाल तर्री तरंगणारा मटणाचा खलिया. लग्नात जमिनीवर दस्तरखान अंथरून बसलं, की वाढणारा ‘और लेव, और लेव’ म्हणत राहतो आणि नको म्हणायची सोय नसते. एवढी लांब पायपीट, आणि तिची या शहरातली आठवण म्हणजे वजन वाढवणारं जेवण! इतिहासानं यापेक्षा स्पष्ट निकाल काय द्यावा? लेखकाचा तुघलकावर राग नाही. एवढंच, की हुकमानं चालवलेली माणसं हुकूम फिरला की परत फिरतात. जिमचं वर्षाचं पॅकेज घेतलेल्यांचं फेब्रुवारीत हेच होतं.

विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लेखक रोज घड्याळ थांबवून फोटो काढायचा. मागं कमान, पुढं घामानं चमकणारं कपाळ. एकदा शेजारी एक म्हातारे गृहस्थ त्याच कमानीकडे बघत हात जोडून उभे होते. चालायला आलेले नव्हते. पायात साध्या वहाणा, हातात कापडी पिशवी. तेव्हा लेखकाच्या लक्षात आलं, की तो ज्या कमानीचा पाठीमागचा पडदा म्हणून उपयोग करतो, तिच्यावरल्या नावासाठी माणसं चालली आहेत. १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. १९७९ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च इकडे निघाला. साडेचारशे किलोमीटरांहून लांबची वाट. मध्येच अडवणूक, लाठ्या, अटका. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी. दर वर्षी त्या दिवशी इथं जे लोक येतात, त्यांच्यापैकी कुणी आपल्या पायांनी किती अंतर कापलं हे मोजलेलं नसतं. लेखकानं त्या सकाळी फोटो काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढला, पण पोट आत न ओढता.

लेखकाची बायको त्याच्या कितीतरी आधीपासून चालते. कॉलनीतल्या चार जणींबरोबर, सहाच्या ठोक्याला. ती वजनासाठी जाते असं लेखकानं परस्पर ठरवलं होतं आणि वेळोवेळी मोफत सल्लेही दिले होते. ती बारीक झाली नाही आणि तिनं चालणं सोडलंही नाही, हे कोडं त्याला सुटेना. शेवटी त्यानं विचारलं.

‘अहो, घरात असलं की कुणीतरी हाक मारतंय,’ ती म्हणाली. ‘तिथं तासभर कुणी मारत नाही.’

यात विनोद नाही. पुरुष बर्म्युडा घालून बाहेर पडला की कुणी कारण विचारत नाही. बाईला मात्र डॉक्टरांनी सांगितलंय, शुगर आहे, थायरॉईड आहे, असा काहीतरी परवाना जवळ बाळगावा लागतो. नुसतं बरं वाटतं म्हणून चालते, हे कारण सासरी ग्राह्य नाही. त्यात फूटपाथ असला तर त्यावर दुचाकी उभी, वळणावर कुत्री, अंगावरून मुद्दाम गाडी नेणारी पोरं. म्हणून पाच जणी. पाचांतली एक आजारी पडली तर बाकीच्या तिच्या गेटपाशी थांबून हाका मारतात. त्या हाकेला मात्र ओ द्यायला कुणाचीच ना नसते. लेखकाच्या घड्याळाला अशी हाक मारता येत नाही. ते नुसतं थरथरतं.

तर या श्रावणात तो निघाला. बायको आणि तिच्या मैत्रिणी दर वर्षी जातात. लेखकानं स्वतःला त्यात घुसवलं. छावणीपर्यंत तो सगळ्यांच्या पुढं होता आणि योग्य श्वास कसा घ्यावा यावर बोलत होता. पडेगावला तो मध्यभागी आला. मिटमिट्यानंतर त्याचा आवाज बंद झाला, हे बायकांच्या उशिरा लक्षात आलं. दौलताबादला किल्ल्याचा काळा आकार दिसेपर्यंत घड्याळाची बॅटरी गेली होती, त्यामुळे तिथून पुढची पावलं कुठंही नोंदलेली नाहीत आणि व्हॉट्सअॅपच्या दृष्टीनं ती पडलेलीच नाहीत.

पण रस्ता बघण्यासारखा होता. रात्रीचे दोन वाजलेले आणि बायकाच बायका. एकट्या, जोडीनं, घोळक्यानं. कडेवर लेकरं, कुणाच्या मोबाइलवर गाणं, कुणी सासूचं उणंदुणं काढत, कुणी गप्प. एरवी याच शहरात रात्री दहानंतर मुलीला न्यायला बाप स्टॉपवर जाऊन उभा राहतो. या रात्री कुणी कुणाला विचारत नव्हतं कुठं निघालीस म्हणून, सगळ्यांचं ठिकाण एकच होतं. घाटात लेखकाची पोटरी धरली. एका अनोळखी आजीनं त्याला कठड्यावर बसवलं, पिशवीतली बाटली काढून तेल चोळलं आणि विचारलं, ‘बाबा, काय मागितलंय मारुतीला?’ तो म्हणाला, काही नाही, सहज. ‘मग बरंय,’ म्हणून ती उठली आणि त्याच्या पुढं निघून गेली.

दर्शनाची रांग लांब होती आणि दर्शन काही सेकंदांचं. येताना कुणीच चालत नाही. खुलताबादच्या चौकात काळी-पिवळी जीप उभी असते आणि ड्रायव्हर कोंबायला उत्सुक असतो. मंडळी सहा होती. त्यानं एकेकीला आत बसवलं, मग लेखकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘चच्चा, तुम्हारे दो सीट के पैसे लगेंगे.’

लेखकानं पोट आत ओढून बघितलं. पंचवीस किलोमीटर चालून आलोय, हेही सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, चालून तर सगळेच आलेत. हुज्जत वाढत चालली तशी मागची बाई ओरडली, की उजाडायला लागलंय, घरी डबे व्हायचेत. मग बायकोनं कनवटीची पर्स काढून सात सीटांचे पैसे दिले आणि नवऱ्याला पुढं, खिडकीकडच्या बाजूला, ऐसपैस बसायला सांगितलं.