गाडी आणायला गोथेनबर्गला

नवी गाडी तर घ्यायची आहे, युरोपही बघायचा आहे, पण ‘युरोप बघायला चाललो’ असं चारचौघांत म्हणायला जीभ रेटत नाही, अशा अमेरिकास्थित आणि विशेषतः न्यू जर्सीवासी मराठी गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. मौजेखातर खर्च करणं आपल्या रक्तात नाही. बचत करता करता मौज झाली तर मात्र आपण ती नाकारत नाही. ही अडचण परदेशातल्या मोटार कंपन्यांनी आपल्याला न विचारताच ओळखली, आणि तोडगाही काढून ठेवला.

योजना अशी. गाडी नेहमीप्रमाणे आपल्या गावच्या डीलरकडे ठरवायची, ताब्यात मात्र ती जिथे तयार होते तिथे जाऊन घ्यायची. काही दिवस ती युरोपात फिरवायची, ठरलेल्या ठिकाणी परत सोपवायची आणि आपण विमानाने घरी यायचं. गाडी मागाहून जहाजाने येते. बीएमडब्ल्यूची म्युनिकची अशी योजना अमेरिकन गिऱ्हाइकांत फार लाडकी होती. ती २०२० साली बंद पडली. स्वीडनच्या व्होल्वोने हा प्रकार वर्षानुवर्षं चालवला: दोघांचं जाण्या-येण्याचं विमानभाडं, गोथेनबर्गच्या हॉटेलात पहिली रात्र, थोड्या दिवसांचा विमा, कारखान्याची फेरी आणि जहाजाचं भाडं, सगळं गाडीच्या किमतीत. वर किमतीतही थोडी सूट. ‘दोन तिकिटं फुकट’ हे तीन शब्द घरात नुसते उच्चारले तरी पुरतं. बाकीचं घर करतं.

पुण्याला आईला फोन केला की ती विचारणारच, “अरे, तिकडे अमेरिकेत गाड्या मिळत नाहीत का?” यावर सूट, टक्केवारी, डॉलर असं काही सांगत बसू नये. “कंपनीने बोलावलंय,” एवढंच सांगावं. वाक्य खोटं नाही, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीत व्हायचं ते होतं.

मग मॉडेल. इथे आपल्या माणसाचा पहिला घोळ होतो. त्याला हवी असते सासू-सासरे उन्हाळ्यात आले तर मावतील एवढी गाडी. पण बीएमडब्ल्यूची एक्स-५ साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला बनते, म्हणून म्युनिकची योजना चालू होती तेव्हाही ती त्यात बसत नव्हती. व्होल्वोचाही एक कारखाना साउथ कॅरोलायनात आहे. तेव्हा गाडीचं जन्मगाव आधी विचारून घ्यावं. नाहीतर युरोपच्या तयारीने सुटकेस भरायची आणि मुक्काम पडायचा कॅरोलायनाच्या हायवेवरच्या मोटेलात. व्होल्वोचा टॉर्सलांडाचा कारखाना मात्र गोथेनबर्गच्या अंगाला आहे, १९६४ साली स्वीडनच्या राजाने त्याचं उद्घाटन केलं, आणि एक्ससी-६० तिथे बनते. ही माहिती डीलरसमोर सहज बोलता बोलता टाकावी. किंमत उतरत नाही, पण तो कॉफी विचारतो.

आता मुख्य परीक्षा. अमेरिकन शेजारी हे सगळं वाचतो, तिकीट काढतो आणि जातो. आपला पासपोर्ट भारतीय असला, तर आपल्याला आधी शेंगेन व्हिसा लागतो: माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंटं, हॉटेलांची बुकिंगं, नोकरीचं पत्र. कंपनीने तिकीट फुकट दिलं तरी व्हिसाची फी कंपनी भरत नाही, आणि मुलांच्या तिकिटांचं तर ती नावही काढत नाही. दोन म्हणजे दोनच. मोठ्याला कुणाकडे ठेवायचं यावर घरात चर्चा सुरू झाली, की योजनेचा मोह किती खोल गेलाय ते कळतं.

त्याहून नाजूक भानगड परतीची. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या मंडळींना अमेरिकेत राहण्याची परवानगी असते एका कागदावर, आणि अमेरिकेत पुन्हा शिरण्याचा शिक्का असतो पासपोर्टात. कागद चालू आणि शिक्का संपलेला, अशा अवस्थेत कित्येक जण न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. बाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का घ्यायला वकिलातीच्या दारात उभं राहावं लागतं, आणि आपल्या बाबतीत ते दार बहुधा वांद्रे-कुर्ला संकुलात निघतं. मग गाडी अमेरिकेच्या बंदरात उतरलेली, आणि मालक वांद्र्याला मामेभावाच्या हॉलमधल्या सोफ्यावर अपॉइंटमेंटची वाट बघतोय. गाडीला व्हिसा लागत नाही, हे त्या वेळी फार लागतं.

एवढ्यातून पार पडून गोथेनबर्गला पोचलात, की पुढचा दिवस कंपनीचा. कारखाना निळ्या रंगाच्या छोट्या गाडीत बसवून दाखवतात. यंत्रमानव ठिणग्या उडवत पत्रा जोडतात आणि माणसं तुरळक दिसतात. पाहताना मान डोलवावी, पण ‘आमच्या चाकणलाही असंच आहे’ हे म्हटल्याशिवाय राहवत नसेल तर मराठीत म्हणावं. जेवायला बहुधा मीटबॉल आणि सोबत लिंगनबेरीचा आंबटगोड जॅम असतो. चतुर्थी, गुरुवार, श्रावण, जे काही असेल ते आदल्या दिवशीच कळवावं. ऐन ताटावर समजावून सांगायला श्रावण हा सोपा विषय नाही.

नंतर एका लख्ख, उजळ दालनात तुमची गाडी उभी असते. फरशी आरशासारखी. गणवेशातला माणूस एकेक बटण दाखवतो. आणि तुमच्या सौभाग्यवती पर्समधून पूजेचं साहित्य काढतात.

या विषयाची तयारी घरूनच करावी लागते, म्हणून थोडं सविस्तर. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं-भाज्या आणायच्या तर वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून पाच फळं वगळली आहेत: अननस, केळं, ड्युरियन, खजूर आणि नारळ. होय, नारळ. ब्रसेल्समधल्या कुण्या पुण्यवान अधिकाऱ्याच्या हातून हे घडलं असेल, त्याला आमचा नमस्कार. लिंबू मात्र त्या यादीत नाही, मिरचीही नाही, तेव्हा ही दोन्ही गोथेनबर्गच्या दुकानातून घ्यावीत. पेढे तर नकोच. दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे, आणि पेढा म्हणजे दुसरं काय असतं? स्वीडिश दालचिनी रोल नैवेद्याला चालतो का, हा प्रश्न घरच्या ज्येष्ठांना आधीच विचारून ठेवावा. तिकडून उत्तर येईपर्यंत गाडीचा ताबा घेऊन होतो.

नारळ दालनाच्या फरशीवर फोडू नये. बाहेर, पार्किंगच्या कडेला, आणि विचारून. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेण्याचा कार्यक्रमही तिथेच. त्या गणवेशातल्या माणसाला हे सगळं सुरक्षिततेसाठी आहे असं सांगितलं, तर तो गंभीरपणे ऐकून घेईल. याच कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली तीन टोकांचा सीटबेल्ट आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्या जगाला वापरू दिलं. त्याच्या जोडीला आपण लिंबू-मिरची देतो आहोत. सुरक्षिततेत दोन पद्धती एकमेकींच्या आड येत नाहीत.

एक सूचना मात्र अजिबात थट्टेची नाही. बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढू नका. त्या भागात ते आपलं मंगलचिन्ह म्हणून कुणी ओळखणार नाही, आणि पुढे जर्मनीत जायचं असेल तर थेट कायद्याचाच विषय होईल. ‘श्री’ काढा. दिसायलाही चांगलं दिसतं आणि जाब कुणी विचारत नाही.

अक्षता शक्यतो गाडीच्या आत टाकू नयेत. सीटच्या फटीत गेलेला तांदूळ गाडी विकेपर्यंत निघत नाही, आणि इथे तर अडचण आणखी आहे. अमेरिकेत उतरणाऱ्या वापरलेल्या गाडीला परक्या देशाची माती, बिया, झाडपाला चिकटलेला चालत नाही. म्हणून गाडी सोपवताना खालून-वरून धुतलेली आणि आतून रिकामी असावी लागते. मुलांचे बूट, अर्धी खाल्लेली चिवड्याची पिशवी, डॅशबोर्डवरचा छोटा गणपती, सगळं उतरवून घ्यावं. गणपती विमानाने नेता येतो.

गाडी चालवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सबंध देश डाव्या बाजूकडून उजवीकडे आणला, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तोच प्रकार न्यूअर्कला उतरल्यावर एकट्याने केला आहे. दिवसाउजेडीही हेडलाइट लावायचे. दारूची मर्यादा ०.२ प्रोमिल, म्हणजे जेवताना ‘एकच ग्लास’ हा युक्तिवाद करायला गेलात तर तो गाडीबाहेर उभं राहून करावा लागेल. जंगलातून जाताना मूस या थोराड हरणाच्या पाट्या लागतात; तो रस्त्यात आला तर हॉर्नचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

खरा पेच पेट्रोल पंपावर. न्यू जर्सीत १९४९ पासून गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे. त्यामुळे वीस-वीस वर्षं अमेरिकेत गाडी चालवलेला एडिसनचा मराठी माणूस स्वीडनच्या निर्मनुष्य पंपावर खिडकीची काच खाली करून कुणीतरी येईल म्हणून बसून राहतो. कुणी येत नाही. हा सराव निघण्याआधी पेनसिल्व्हेनियात जाऊन करून यावा, आणि पेट्रोलचं नळकांडं कुठलं, डिझेलचं कुठलं हे दोनदा वाचून घ्यावं.

ज्यांना जर्मनीचा बिनमर्यादेचा ऑटोबान खुणावतो, त्यांनी गोथेनबर्गहून किएलला जाणारी रात्रीची बोट धरावी. गाडी पोटात, आपण वर केबिनमध्ये. पण व्होल्वोने २०२० पासून आपल्या नव्या गाड्यांचा वेग १८० किलोमीटरवर बांधून टाकला आहे, आणि नव्या इंजिनला सुरुवातीला जपून चालवावं हे तर आपल्या वडिलांनी स्कूटरच्या वेळीच बजावलं होतं. तेव्हा वेगमर्यादा नसलेल्या रस्त्यावर उजव्या लेनमधून ११० ने जाण्याचा अनुभव घ्यावा. डावीकडून जे काय सणसणत जातं ते बघायला मजा येते. पेट्रोल मात्र संपू देऊ नये. ऑटोबानवर टाकी रिकामी होऊन थांबलात तर दंड होऊ शकतो.

आता हिशोब. इथे वहीत दोन पानं करावीत आणि ती एकमेकांसमोर येऊ देऊ नयेत. पहिल्या पानावर सूट, दोन तिकिटं, हॉटेलची एक रात्र आणि भाड्याच्या गाडीचे वाचलेले पैसे. भाडं अर्थातच याच दर्जाच्या गाडीचं धरायचं, एरवी आपण सगळ्यात लहान गाडी घेतो हे इथे आठवायचं नाही. दुसऱ्या पानावर मुलांची तिकिटं, व्हिसे, दुसऱ्या रात्रीपासूनची हॉटेलं, बोट, पूल, पेट्रोल. शिवाय गाडीचे पैसे ती हातात पडण्याआधी चुकते झालेले असतात, म्हणजे ती आठवडेच्या आठवडे समुद्रात डुलत असताना इकडे हप्ता चालू. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर तर कुठूनही आणा, भरायचाच. मित्रांना पहिलं पान दाखवावं.

महाराष्ट्रात राहून हा बेत करू पाहणाऱ्यांनी इथेच थांबावं. भारतात नवी म्हणून आणायची गाडी उजव्या स्टिअरिंगची असावी लागते आणि ती आधी कुठल्याही देशात नोंदवलेली चालत नाही. युरोपच्या रस्त्यावर एकदा फिरवली की कायद्याच्या नजरेत ती जुनी. जुन्या गाडीचं आयात शुल्क शंभर टक्क्यांच्या वर जातं. त्या पैशांत दोन्ही व्याह्यांना घेऊन युरोप होईल, आणि गाडी हिंजवडीच्या शोरूममधून घेता येईल.

बाकी आमचं मत विचाराल तर ते असं: जे एरवीही युरोपला जाणारच होते त्यांना या योजनेत खरोखर फायदा होतो. जे केवळ बचतीसाठी जातात त्यांना ती महागात पडते, आणि तरी त्यांच्यापैकी कुणी तक्रार केलेली आमच्या ऐकण्यात नाही. तुम्ही दुसऱ्या प्रकारातले असाल तर डीलरला फोन लावण्याआधी कपाटातून पासपोर्ट काढा आणि अमेरिकेच्या शिक्क्याची तारीख बघा. ती उलटून गेली असेल, तर गाडी एडिसनमध्येच घ्या.