सोळा बॉल, सोळा दिशा

प्रति,
समस्त पूल पार्लर मालक,
नांदेड आणि लातूर.

विषय : एकाच टेबलावर अनेक कुळांचे बॉल सुखाने नांदवल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. पूलच्या संचातही 15 रंगीत आणि एक पांढरा धरून बॉल 16च. हा योगायोग आपण मनावर घेतलात, आपले सोळाही बॉल सोळा दिशांना जातात. सरळ मारलेला पांढरा वाटेत विचार बदलतो, टवका उडालेला अकरा नंबर पॉकेटच्या तोंडाशी येऊन रुसतो. त्यामुळे हरलेल्याला नेम चुकल्याचा दोष कोणी देऊ शकत नाही. नवशिक्यांवर एवढी माया दुसरे कोण करते?

पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे 57.2 मिलिमीटर, आणि वजन 156 ते 170 ग्रॅम असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपण तो उदारपणे वाचलात. पांढरा हरवला की 52.5 मिलिमीटरच्या स्नूकर संचातला बुटका पांढरा टेबलावर येतो आणि त्याला कोणी परका म्हणत नाही.

पूर्वी हे बॉल हस्तिदंताचे असत. हत्ती पुरेनात, म्हणून 1863 साली अमेरिकेत पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. पुढे 1907 साली रसायनशास्त्रज्ञ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट हे पॉलिमर बनवले. त्याच कुळातल्या फिनॉलिक रेझिनचे बॉल बेल्जियमचा सालुक कारखाना ‘आरामिथ’ नावाने जगभर विकतो. 2024 सालच्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासक्रमातून पॉलिमरचा धडा वगळला गेला. आपल्या टेबलांवरून तो त्याआधीच वगळला होता. शिक्षणातला लातूर पॅटर्न पुढे असतो, तो असा!

एसी, रंगीत दिवे, स्लेटचे टेबल यांवर आपण हात सैल सोडलात आणि बॉलपाशी येऊन काटकसर आठवली. स्वस्त पॉलिस्टरचे बॉल लवकर झिजतात, त्यांचे टवके उडतात, आणि असे बॉल महागडे कापडही लवकर खातात. पण कापडाचा खर्च पुढच्या वर्षीचा, नाही का?

पुढचा संच घेताना ही पथ्ये पाळा. पेटीवरचे चित्र पाहूनच पैसे द्या, बॉल कशाचे आहेत ते विचारू नका. नांदेडच्या एखाद्या सराफाच्या काट्यावर ते तोलू नका. तीन बॉल ओळीत चिकटून ठेवून वर फूटपट्टी धरू नका, मधला लहान-मोठा असला तर ती सांगून टाकेल. आणि बारावीच्या पोरांच्या हाती व्हर्निअर कॅलिपर तर मुळीच देऊ नका.

आमच्या बाजारात सोयाबीनचा ओलावा मशीन लावून मोजतात, जरा जास्त निघाला की शेतकऱ्याचा भाव पडतो. बॉल दहा ग्रॅम हलका निघाला, तरी आपला तासाचा दर मात्र ढळत नाही. याला म्हणतात व्यापार.

चेष्टा पुरे. दर थोडा वाढवा हवा तर, पण एका मापाचा, एका वजनाचा, फिनॉलिकचा एक पुरा संच आणा. पांढरा बदलायची वेळ आली तर त्याच मापाचा घ्या. आणि खेळणाऱ्यांनो, पैसे मोजण्याआधी तीन बॉलवर एकदा फूटपट्टी ठेवून पाहा. ती डुगडुगली, तर दुसरे टेबल मागा.

आपला,
तासाप्रमाणे पैसे मोजणारा एक ग्राहक