डाकारवाले भाऊजी

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सावली पट्ट्यात राईस मिल असणे ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. ढेला भिरकावला तर मिलच्याच पत्र्यावर पडेल. त्यामुळे मिलवाल्याला मोठेपणा हवा असेल तर वेगळे काहीतरी करावे लागते. कोणी झेडपीला उभा राहतो, कोणी शंकरपट भरवतो. आमचे भाऊजी डाकारला जाऊन आले.

त्यांची कणी उचलणाऱ्या काकीनाड्याच्या निर्यातदाराने त्यांना उण्यापुऱ्या चार दिवसांसाठी सोबत नेले होते. निघताना घरच्यांना एकच काळजी, आफ्रिकेतल्या उन्हाची. पीतज्वराची लस टोचून झाली होती, तरी वहिनींनी दुपट्टा दिला, खिशात कांदा घातला. मे महिना होता. ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या पुढे गेलेला. देशाच्या बातम्यांत आमचे नाव येते ते तेवढ्यापुरतेच. आणि डाकार पडले अटलांटिकात घुसलेल्या भूशिरावर, मे महिन्यात भर दुपारी २५-२६ अंश. पहिल्याच संध्याकाळी भाऊजी दुपट्टा कानाला गुंडाळून बसले, तो थंडी वाजते म्हणून. कांद्याचे काय झाले ते सांगत नाहीत.

बाकी सगळे सांगतात. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटके गावोगाव सुरू झाली की उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक असे डझनभर लोक आधी रंगमंचावर बसतात. त्यात भाऊजी असतातच. ‘‘सेनेगल देशाच्या राजधानीत...’’ एवढे ऐकू आले की मागच्या सतरंजीवरून हाक येते, ‘‘भाऊजी, पडदा उघडा न जी!’’ विंगेतून नायिका डोकावते. भाऊजी तोवर पुतळ्यापर्यंत पोचलेले असतात. २०१० साली उभारलेले ते काशाचे आफ्रिकी पुनर्जागरण स्मारक ४९ मीटर उंच आहे आणि उत्तर कोरियाच्या कंपनीने बांधले, हे ते अशा थाटात सांगतात की बिल यांनीच पास केले असावे. पाहिले टॅक्सीच्या काचेतून. खरे तर त्यांनी हॉटेल, बंदरावरचे गोदाम आणि एका व्यापाऱ्याचे घर याखेरीज फारसे काही पाहिले नसावे. शहरभर टाटाच्या मिनीबस धावतात हे मात्र त्यांनी बरोबर हेरले. ‘‘एवढं विमानात बसून गेलो, अन् समोर आपलीच बस!’’

गावात परतल्यावर पोरांचा पहिला प्रश्न, ‘‘सिंह दिसला का?’’ डाकारात सिंह फुटबॉल संघाच्या बिल्ल्यावर दिसतो. उलट तिथल्या लोकांनीच भाऊजींना वाघाबद्दल विचारले, तेव्हा हे रंगात आले: मोहफुले वेचायला जाताना काय करावे, रात्री मूल-चंद्रपूर रस्त्यावर गाडीतून लघवीला का उतरू नये. ऐकणाऱ्यांनी हळहळून पुन्हा पुन्हा चहा पाजला. तिकडचा चहा तीन फेऱ्यांचा. पहिली कडू, मग गोड होत जाते. त्या लोकांना भारत हा भयंकर जंगली देश वाटला असणार, आणि भाऊजींनी तो समज दूर केला नाही.

पण एका बाबतीत मी त्यांची थट्टा करत नाही. आमच्या जिल्ह्यात अख्ख्या, बारीक दाण्याची इज्जत फार. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीत लोंब्या निवडून एचएमटी तांदूळ काढला तो इथेच. कणी किती पडली यावर मिलवाल्याची अब्रू; ती कोंबड्यांना घालायची नाहीतर व्यापाऱ्याला द्यायची. डाकारला व्यापाऱ्याच्या घरी सगळे एका परातीभोवती बसले. मासळी, भाज्या आणि खाली लालसर भात: चेबूजेन. भाऊजींनी घास उचलला आणि बोटांनी ओळखले, ही कणी! फ्रेंचांनी तिथली जमीन भुईमुगाखाली घातली आणि पोट भरायला इंडोचायनाची तुकडा कणी आणून ओतली. लोकांना तिचीच चव लागली. आज अख्खा तांदूळ दिला तर तोंड वाकडे करतात. २०२१ मध्ये युनेस्कोने त्या पदार्थाला वारशाच्या यादीत घेतले. भांड्याच्या बुडाची खरवडसुद्धा पाहुण्याला मानाने वाढली गेली.

तेव्हापासून मिलमध्ये कणीचा ढीग झाडताना हमालाचा पाय पडला तरी ओरडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने कणीची निर्यात बंद केली, तेव्हा आठवडाभर सुतक पाळल्यासारखे बसले होते. ‘‘तिकडे ते लोक जेवतील काय?’’ पुढ्यात पडून राहिलेल्या मालाची चिंता त्यात किती होती, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. मार्च २०२५ मध्ये बंदी उठली आणि भाऊजींनी घरी चेबूजेनचा बेत केला. समुद्राची मासळी कुठली, तलावातला रोहू आणला. परात मध्ये ठेवली. ‘‘आपल्यापुढचंच खायचं, दुसऱ्याच्या भागात हात घालाचा नाही,’’ असे नियम सांगितले. सुना पदराआड हसत होत्या.

त्यांच्या म्हाताऱ्या आईने परातीत निरखून पाहिले. ‘‘कनी हाय का रे हे?’’

‘‘हो आई. तिकडे मोठमोठे शेठ खातात.’’

‘‘तुझा बाप सालगडी होता तवा हेच रांधत होती मी. तू ताट सरकवून उठत होतास.’’

भाऊजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘तवा मासळी नव्हती न आई,’’ आणि खरवड आपल्याकडे ओढली.