शोकांतवाले भाऊ

रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात संगीत नाटक लागलं की मधल्या रांगेत मांडीवर पंचा घेऊन बसलेले गृहस्थ म्हणजे आमचे भाऊ. पंचा रडण्यासाठी, रुमाल त्यांना पुरत नाही. गोड शेवटाच्या नाटकाला ते जात नाहीत. "शेवटी लग्नच व्हायचं, तर कार्यालयात जावं. जेवण तरी मिळतं!"

'एकच प्याला' म्हणजे तर जीव की प्राण. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि नाटक रंगभूमीवर आलं त्याच्या पुढच्या महिन्यात, एवढं सांगतानाच भाऊंचा गळा दाटतो. दारुड्याची बायको सिंधू जात्यावर बसली की पंचा तोंडात जातो. घरचा मिक्सर मात्र महिनाभर दुरुस्तीच्या नावाने खुंटीवरच्या पिशवीत लटकतोय आणि वहिनी पाट्यावर वाटण वाटताहेत. त्या प्रवेशाला भाऊंचे डोळे कोरडे.

वहिनींचं नाट्यशास्त्र निराळं. "सिंधूने पहिल्याच दिवशी तो प्याला मोरीत ओतला असता तर?"

"अगो, मग पाच अंक कसे व्हायचे?"

देवलांनी ज्याचा 'झुंजारराव' केला, त्या ऑथेल्लोबद्दलही वहिनींचं मत ठाम. "घरात एक सासू हवी होती. बायकोचा हरवलेला रुमाल कपाटामागून काढून तोंडावर फेकला असता. घरात माणसं नाहीत, म्हणून खून!"

शिरवाडकरांचं 'नटसम्राट' बघताना अप्पासाहेब बेलवलकर पोरांना सगळं वाटून टाकतात, तिथे भाऊ हुंदके देतात. स्वतःच्या कलमांच्या सातबाऱ्यावर मात्र अजून एकट्याचंच नाव. डोंबिवलीच्या मुलाने विषय काढला की म्हणतात, "आधी शिरवाडकर वाच. मग बोलू."

पाहुणे आले की भाऊ त्यांना थिबा पॅलेसवर नेतात. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाचं राज्य घेतलं, त्याला इथे आणून ठेवलं, 1910 मध्ये हा वाडा बांधून दिला, हे सगळं एका दमात उरकतात. खरा रंग भरतो तो थोरल्या राजकन्येपाशी. वाड्यावरच्या गोपाळ सावंतावर तिचं मन बसलं. मायदेशी नेल्यावरही ती परत रत्नागिरीला आली. "याला म्हणतात प्रेम! राज्य गेलं, पण माणूस सोडला नाही!"

एकदा वहिनी बरोबर होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, त्या गोपाळाला घरी बायको होती ना? तिच्यावर लिहिलंय का कुणी नाटक?"

भाऊ रिक्षात बसेपर्यंत गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर दुकानात गेला.

रोज रात्री साडेनऊला मात्र त्यांच्याच घरात रुमालासाठी ओरडणारा ऑथेल्लो अवतरतो. "गोळी! गोळी घेतलीस का?" तीन घरांना ऐकू जाईल असा आवाज. वहिनींच्या रक्तदाबाची गोळी. "घेतली हो," यावर विश्वास नाही. चष्मा लावून, पाकीट दिव्यापाशी धरून रिकामी भोकं मोजायची, कॅलेंडरवरच्या तारखेशी ताळा जमवायचा आणि मगच आडवं व्हायचं. नाटकातल्या नवऱ्याला बायकोची किंमत शेवटच्या अंकात कळते, तोवर फार उशीर झालेला असतो. भाऊ आपले रोज पहिल्याच अंकात ओरडून घेतात.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, वहिनींवर फार प्रेम हो तुमचं."

भाऊ उखडले. "प्रेम कसलं? उद्या तिचं काही झालं, तर सातबाऱ्याचे कागद कुठल्या ट्रंकेत आहेत ते मला सांगणार कोण?"